निःशब्द घोषणांचे महाविद्यालय

महाविद्यालयीन जीवनाची आठवण निघाली की आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांत प्रथम आवाज घुमू लागतो. स्नेहसंमेलनातील टाळ्याशिट्ट्या, आंतरमहाविद्यालयीन सामन्यातील आरोळ्या, वसतिगृहाच्या सज्जात मध्यरात्रीपर्यंत रंगलेल्या गप्पा, कँटीनमधील कपबशांचा खणखणाट. 'आमचे कॉलेज' या दोन शब्दांत जो अभिमान दाटलेला असतो, तो आपण आवाजातूनच व्यक्त करीत आलो आहोत. पण ज्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांना यांपैकी काहीच नीट ऐकू येत नाही, तेथे हा अभिमान कोणत्या वाटेने प्रकट होत असेल?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे असे एक विद्यापीठ आहे. गॅलॉडेट हे त्याचे नाव. कर्णबधिरांसाठी उच्च शिक्षण देणारी ही संस्था १८६४ साली सुरू झाली. विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने ती आजही लहानच आहे. तथापि एका आठवड्यापुरते का होईना, साऱ्या देशाला तिने आपल्याकडे पाहावयास लावले. ती कथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचा आरंभ मात्र अमेरिकेत नाही. तो पॅरिसमध्ये, एका कॅथलिक धर्मगुरूच्या दारात झाला.

पॅरिसचा धर्मगुरू आणि हार्टफर्डची मुलगी

अठराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये आबे शार्ल मिशेल द लेपे हे धर्मगुरू राहत होते. एका घरी त्यांची गाठ दोन बहिरया बहिणींशी पडली. या मुलींना शिकवणारा धर्मगुरू निवर्तला होता आणि त्यांना धर्मशिक्षण कोण देणार, या चिंतेत त्यांची आई होती. श्रद्धा कानावाटे हृदयात उतरते, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. मग ज्यांचे कानच बंद, त्यांनी काय करावे? द लेपे यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक साधी गोष्ट केली. पॅरिसमधील कर्णबधिर माणसे आपापसांत ज्या खुणांनी बोलत, त्या खुणा ते स्वतः शिकले. शिक्षक विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसला. पुढे त्यांनी चालवलेली शाळा गरिबांसाठी विनामूल्य होती. १७८९ साली ते निवर्तल्यावर आबे सिकार यांनी ते कार्य पुढे नेले.

१८१५ साली अमेरिकेतील हार्टफर्ड या गावाहून थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा तरुण प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक युरोपात आला. शेजारच्या डॉक्टर कॉग्जवेल यांची अॅलिस नावाची लहान मुलगी बहिरी होती. तिच्यासारख्यांना शिकवण्याची रीत शिकून घ्यावी, एवढाच त्याचा हेतू. ब्रिटनमध्ये ही विद्या ज्या घराण्याच्या हाती होती, त्याने आपली पद्धत सहजासहजी द्यायला नकार दिला. लंडनमध्ये मात्र त्याला सिकार आणि त्यांचे दोन कर्णबधिर शिष्य भेटले. सिकार यांनी आपल्या संस्थेची दारे त्याला उघडून दिली. १८१६ साली गॅलॉडेट मायदेशी परतला, तेव्हा लोरां क्लेर हा कर्णबधिर फ्रेंच शिक्षक त्याच्याबरोबर होता. जहाजावरचा तो प्रवास बावन्न दिवसांचा होता. त्या दिवसांत क्लेर इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट खुणांची भाषा.

या दोघांमधील करारात एक कलम होते, ते आमच्या वाचकांना विशेष वाटेल. क्लेर कॅथलिक होता आणि शाळा प्रॉटेस्टंट गावात निघायची होती. त्याच्या कॅथलिक श्रद्धेविरुद्ध जाणारे काहीही शिकवण्याची सक्ती त्याच्यावर होणार नाही, असे त्या करारात लिहून घेतलेले होते. १८१७ साली हार्टफर्डची शाळा सुरू झाली. आज अमेरिकेतील कर्णबधिर जी भाषा बोलतात, तिच्यात पॅरिसच्या त्या खुणांचा मोठा अंश आहे.

केंडल ग्रीन

थॉमस गॅलॉडेट यांनी सोफिया फाउलर या आपल्या शाळेतील कर्णबधिर विद्यार्थिनीशी विवाह केला. त्यांचा धाकटा मुलगा एडवर्ड. मातृभाषा म्हणजे आईच्या मुखातील भाषा, असे आपण म्हणतो. एडवर्डची मातृभाषा आईच्या हातांत होती. १८५७ साली वॉशिंग्टनमध्ये अॅमॉस केंडल यांनी दिलेल्या जागेत कर्णबधिर व अंध मुलांची एक लहानशी शाळा निघाली. तिची सूत्रे या वीस वर्षांच्या तरुणाकडे आली आणि सोफियाबाई तेथे मुलांची देखभाल करू लागल्या.

एडवर्डच्या मनात केवळ शाळा नव्हती. सुतारकी, शिवणकाम किंवा छपाईची जुळणी शिकवून मुलांना पोटापाण्याला लावले की आपले कर्तव्य संपले, अशी त्या काळची धारणा होती. कर्णबधिर तरुणाने लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान शिकून पदवी का घेऊ नये, हा प्रश्न बहुतेकांना हास्यास्पद वाटे. देशात यादवी युद्ध पेटलेले असताना, ८ एप्रिल १८६४ रोजी, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या वर्षीच्या उद्घाटन समारंभाला वृद्ध लोरां क्लेर उपस्थित होता. १८६९ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. ती तिघांची होती. त्या तिघांच्या पदविकांवर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची स्वाक्षरी होती. तेव्हापासून तेथील पदवीपत्रांवर देशाच्या राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी असण्याचा प्रघात पडला.

माजी विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून १८९४ साली महाविद्यालयाला थॉमस गॅलॉडेट यांचे नाव देण्यात आले. त्याआधी, १८८९ साली, देशभरातील कर्णबधिरांनी वर्गणी गोळा करून आवारात एक पुतळा उभारला होता. खुर्चीत बसलेले गॅलॉडेट आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली छोटी अॅलिस, दोघांच्याही मुठी एका आकारात वळलेल्या. ती हस्तलिपीतील पहिल्या अक्षराची खूण आहे. लिंकन स्मारकातील लिंकन यांची भव्य मूर्ती घडविणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच हेच या पुतळ्याचेही शिल्पकार.

विद्यार्थ्यांचे जग

अशा ठिकाणी विद्यार्थी कसे राहत असतील, याचे कुतूहल आम्हांला होते. त्यांच्या जीवनाविषयी वाचताना ध्यानात येते की त्यांच्या सवयी आपल्यासारख्याच आहेत, फक्त त्यांची इंद्रिये बदललेली आहेत. वसतिगृहातील गप्पांना येथे प्रकाश हवा. दिवा मालवला की संभाषणही मालवते. दारावर टकटक करण्याऐवजी खोलीतला दिवा उघडझाप करतो. चारचौघे बसले की ते वर्तुळ करून बसतात, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात आणि मुद्रा दिसायला हव्यात. टाळ्यांच्या जागी सारे सभागृह हात उंच करून हलवते. नव्या विद्यार्थ्याला मित्रमंडळी त्याच्या स्वभावावरून अथवा रूपावरून एखादी खूण बहाल करतात आणि पुढे आयुष्यभर तेच त्याचे नाव होते. खुद्द गॅलॉडेट या नावाची खूण म्हणजे डोळ्याच्या कडेला बोटांनी दाखवलेली चष्म्याची काडी, कारण थॉमस गॅलॉडेट चष्मा लावीत.

अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक असेल की प्रत्येक डावापूर्वी खेळाडू खांद्याला खांदा लावून गोल रिंगण करतात. या रिंगणाचे श्रेय सामान्यतः गॅलॉडेटच्या पॉल हबर्ड या खेळाडूला दिले जाते. १८९० नंतरच्या दशकातील ही गोष्ट. प्रतिस्पर्धी संघही कर्णबधिरांचा असला की मैदानात केलेल्या खुणा त्याला आयत्याच वाचता येत. म्हणून हबर्डने आपल्या गड्यांना जवळ ओढले आणि पाठींची भिंत करून आत हात हलवले. ज्यांना कानगोष्ट करता येत नाही, त्यांनी डोळ्यांआड करायची कानगोष्ट शोधून काढली! पुढे या संघाने मैदानाच्या कडेला एक प्रचंड ढोल आणून ठेवला. त्याचा ठोका खेळाडू कानांनी ऐकत नाहीत, अंगाने घेतात.

नाटकाचे वेड तर आपल्या कोणत्याही गावाला लाजवील असे. १९४२ साली येथील विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, तेव्हा गाजत असलेल्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकाचा प्रयोग खुणांच्या भाषेत केला. १८९२ पासून विद्यार्थी आपले नियतकालिकही चालवीत आले आहेत.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की या घराला दोष म्हणून नव्हता. तसे नाही. १८८७ पर्यंत स्त्रियांना येथे नियमित प्रवेश नव्हता. प्रवेश मिळाल्यावरही मुलांच्या वाङ्मय मंडळात त्यांना सहभागी होता येत नसे. तेव्हा अगाथा टीगल आणि तिच्या मैत्रिणींनी १८९२ साली स्वतःचे मंडळ काढले. १८९३ साली पदवी घेताना तिने स्त्रीच्या बुद्धिमत्तेविषयीच भाषण केले. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला याहून अधिक अन्याय आला. आवारातील केंडल शाळेतून विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णवर्णीय मुलांना बाहेर काढण्यात आले. १९५२ साली न्यायालयाच्या निकालामुळे त्यांना परत घ्यावे लागले, तर त्यांच्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली. त्या वर्गांतील मुलांना तेव्हा पदविकाही दिल्या गेल्या नाहीत. २०२३ साली विद्यापीठाने जाहीर क्षमायाचना करून त्या चोवीस विद्यार्थ्यांना पदविका प्रदान केल्या. सत्तर वर्षांनी आलेल्या त्या कागदाने बालपण परत येत नाही. पण चूक कबूल करणे हाही घराचा धर्म आहे.

येथील पहिले कृष्णवर्णीय पदवीधर म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या अँड्र्यू फॉस्टर यांनी १९५४ साली पदवी घेतली. त्यानंतर ते आफ्रिकेत गेले आणि तेथील तेरा देशांत त्यांनी कर्णबधिर मुलांसाठी तीसहून अधिक शाळा स्थापन केल्या. दक्षिण आफ्रिकेतील फादर सिरिल अॅक्सलरॉड हेही गॅलॉडेटचेच विद्यार्थी. ज्यू घराण्यात जन्मलेले हे कर्णबधिर गृहस्थ कॅथलिक झाले आणि १९७० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्यांची दृष्टीही गेली, तरी त्यांचे सेवाकार्य थांबले नाही.

भाषेची उपेक्षा आणि प्रतिष्ठा

१८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असा एकच होता. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा, ती माणसे सभेबाहेर. मुलांना तोंडाने बोलायला आणि ओठांची हालचाल वाचायलाच शिकवावे, खुणांना वर्गात थारा देऊ नये, असा ठराव परिषदेने प्रचंड बहुमताने केला. एडवर्ड गॅलॉडेट विरोध करणाऱ्या मूठभरांपैकी होते. या ठरावानंतर जगभरच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुले चोरून खुणा करीत आणि पकडली गेली तर शिक्षा भोगीत. आपल्या मायबोलीसाठी शाळेत छडी खाणे म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या पिढीतही काहींना ठाऊक असेल.

वॉशिंग्टनच्या या आवारात मात्र ती भाषा जिवंत राहिली. तरीही तिला भाषा म्हणण्याचे धाडस फार थोड्यांना होई. ती इंग्रजीची मोडकी नक्कल आहे, असे विद्यार्थ्यांनाही वाटे. १९५५ साली विल्यम स्टोको हे इंग्रजीचे प्राध्यापक येथे रुजू झाले. त्यांना ऐकू येत होते, पण ते पाहायलाही शिकले. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल यांतून प्रत्येक खूण कशी घडते, हे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले. या खुणांना व्याकरण आहे आणि ती संपूर्ण भाषा आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. सहकाऱ्यांनी आरंभी त्यांची थट्टा केली. पण पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत जी विद्यार्थ्यांची पिढी घडली, ती या जाणिवेसह घडली की आपल्याला काही उणे आहे म्हणून आपण हात हलवीत नाही, ती आपली भाषा आहे.

१९८८ चा तो आठवडा

१९८६ साली महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. तोवर त्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एकही प्रमुख कर्णबधिर नव्हता. १९८८ साली नव्या अध्यक्षाची निवड व्हायची होती. अंतिम तिघांत दोन कर्णबधिर उमेदवार होते. १ मार्चला मोठी सभा भरली आणि आता कर्णबधिर अध्यक्ष हवा, ही मागणी पुढे आली. रविवार, ६ मार्चच्या संध्याकाळी विश्वस्त मंडळाचा निर्णय आला. निवड झाली होती डॉ. एलिझाबेथ झिन्सर यांची. त्या कर्तबगार शिक्षणतज्ज्ञ होत्या, पण त्यांना ऐकू येत होते आणि खुणांची भाषा येत नव्हती. मंडळाच्या एकवीस सभासदांपैकी कर्णबधिर होते अवघे चार.

सोमवारी सकाळी विद्यापीठाची फाटके बंद झाली. विद्यार्थ्यांनी ती साखळदंडांनी जखडली आणि त्यांपुढे वाहने आणून उभी केली. ग्रेग ह्लिबॉक, ब्रिजेटा बोर्न, जेरी कोव्हेल आणि टिम रॅरस हे चौघे पुढारी. मागण्याही चारच. कर्णबधिर अध्यक्ष नेमावा, मंडळाच्या अध्यक्षांनी पायउतार व्हावे, मंडळात कर्णबधिरांचे बहुमत असावे आणि आंदोलकांवर सूड उगवला जाऊ नये.

त्या दिवशी व्यायामशाळेत मंडळाच्या अध्यक्षबाई विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा आगीची घंटा कर्कशपणे वाजू लागली. एवढ्या गोंगाटात संवाद कसा व्हावा, अशी त्यांनी तक्रार केली. समोरून हात हलले, कसला गोंगाट? आपण खुणांनी बोला, आम्हांला सारे कळेल. या प्रसंगात विनोद आहे खरा, पण सबंध वादाचे मर्मही त्यातच आहे. त्या घराचा कारभार पाहणाऱ्यांना घरातल्या मुलांशी दुभाष्यावाचून बोलता येत नव्हते.

प्राध्यापक, कर्मचारी आणि माजी विद्यार्थी आंदोलनाला येऊन मिळाले. अंतिम तिघांपैकी एक, डॉ. आय. किंग जॉर्डन, यांनी प्रथम मंडळाच्या निवडीला पाठिंबा दिला होता. गुरुवारी त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला आणि ते विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच रात्री डॉ. झिन्सर यांनी राजीनामा दिला. शुक्रवारी सुमारे अडीच हजारांचा मोर्चा संसद भवनाकडे निघाला. त्याच्या अग्रभागी जो फलक होता, तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुटी मिळावी म्हणून झालेल्या चळवळीतला होता आणि तो एका संग्रहालयाकडून उसना आणला होता. ज्या आवारात एकेकाळी कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी इमारत बांधली गेली होती, तेथील मुले कृष्णवर्णीयांच्या स्वातंत्र्यलढ्याचा फलक घेऊन चालत होती.

रविवारी, १३ मार्च रोजी, मंडळाने डॉ. जॉर्डन यांची निवड केली. अध्यक्षबाईंनी पद सोडले आणि फिलिप ब्रेव्हिन हे कर्णबधिर सभासद त्यांच्या जागी आले. चारही मागण्या मान्य झाल्या. सुमारे दोन हजार दोनशे विद्यार्थ्यांच्या संस्थेने आठ दिवसांत हे घडवून आणले. १९९० साली अमेरिकेने अपंगांच्या हक्कांचा जो व्यापक कायदा केला, त्याला अनुकूल वातावरण तयार करण्यात या आठवड्याचाही वाटा मानला जातो.

इतिहास येथे थांबला असता, तर कथा फार सोपी झाली असती. २००६ साली पुन्हा अध्यक्षनिवडीवरून वाद पेटला. या वेळी निवडलेल्या बाई स्वतः कर्णबधिर होत्या, पण खुणांची भाषा त्या मोठेपणी शिकल्या होत्या. वादाची कारणे अनेक होती. निवडीची पद्धत हे त्यांपैकी मुख्य. तरीही 'आपला' कोण आणि पुरता आपला कोण, असा कटू प्रश्न तेव्हा विचारला गेला. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना अटक झाली आणि अखेरीस ती निवड रद्द करण्यात आली. फाटक बाहेरच्यांसाठी बंद करणे एक वेळ सोपे असते. घरातल्याच माणसांमध्ये कुंपण घालण्याचा मोह आवरणे अवघड. आपल्या संस्था, आपली मंडळे आणि आपली धर्मग्रामेही या मोहापासून मुक्त नाहीत. २०१६ साली रॉबर्टा कॉर्डानो या विद्यापीठाच्या पहिल्या कर्णबधिर स्त्री अध्यक्ष झाल्या.

आपल्या दारात

या दूरदेशीच्या कथेचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो मुंबईत माझगावला आहे. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा म्हणून जिचा उल्लेख होतो, ती १८८० नंतरच्या दशकात मुंबईचे तत्कालीन कॅथलिक धर्मप्रमुख बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पॅरिसच्या धर्मगुरूला पडलेला प्रश्न मुंबईच्या बिशपांनाही पडला होता. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गॅलॉडेटच्या अभ्यासकांनी, ज्यांत मदन वशिष्ठ हे भारतीय कर्णबधिर विद्वानही होते, दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर येथील कर्णबधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे, हे त्यातून पुढे आले. २०१५ साली या भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी दिल्लीत सरकारी केंद्र स्थापन झाले आणि २०१८ साली तिचा पहिला अधिकृत शब्दकोश निघाला.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात ऐकू न येणाऱ्या माणसांची संख्या पन्नास लाखांहून अधिक आहे. त्यांपैकी कोणी ना कोणी आपल्या धर्मग्रामात असणारच. सणासुदीला घर पाहुण्यांनी भरते, हास्यविनोदाला ऊत येतो आणि कोपऱ्यात बसलेला एखादा भाऊ किंवा भाची सर्वांच्या ओठांकडे पाहत राहते. काय झाले म्हणून तिने विचारले तर 'काही नाही, नंतर सांगतो' असे आपण म्हणतो. ते 'नंतर' सहसा येत नाही. तिच्यावर आपले प्रेम नसते असे नाही. आपण तिची भाषा शिकलेलो नसतो, इतकेच.

द लेपे यांनी दोन मुलींसाठी ती भाषा शिकली. बावन्न दिवसांच्या प्रवासात गॅलॉडेट यांनीही ती शिकायला घेतली. पुढच्या नाताळला, घरातील सारे जेवायला बसतील तेव्हा, आपल्यालाही त्या कोपऱ्यातल्या भाचीशी चार वाक्ये बोलता आली, तर आम्ही हा लेख सार्थकी लागला असे समजू.